काजळी नव्हती ती

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बायकोनं सरकारचं एक यंत्र घासून लख्ख केलं आणि पारनेरकडच्या एका माळावर पाचशे माणसं दहा दिवस खारं पाणी प्यायली. आमचा ड्रायव्हर बन्सी ही गोष्ट चहाच्या टपरीवर अजून सांगतो. लोक पोट धरून हसतात. त्याच्या सांगण्यात चूक बायकोची असते. ते खोटं आहे.

मी सूर्यभान. नगरला पाणी तपासणाऱ्या एका पथकात परिचर होतो, तोही तात्पुरता. परिचर म्हणजे साहेबाच्या टेबलावर तांब्या ठेवणारा माणूस. पण विहिरीत यंत्र सोडायचं काम माझ्याकडं होतं, कारण विहिरीच्या काठावर उभं राहिलं की साहेबांना गरगरायचं. ते जीपमध्ये बसून आकडा विचारायचे, मी सांगायचो, ते लिहायचे आणि खाली सही करायचे. त्यांना स्वतःला प्यायला नगरहून कॅनमध्ये पाणी यायचं. ते कधी तपासलं नाही.

यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी. वर काचेखाली काटा, आत बॅटरी, आणि वायरीच्या टोकाला बोटाएवढी जाड काचेची नळी. नळीच्या पोटात नखाएवढ्या दोन पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या. नळी पाण्यात बुडवली की एका पट्टीतून दुसरीत वीज जाते. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज जास्त जाते आणि काटा तितका पुढं सरकतो. त्या साली आम्हाला हद्द सांगितली होती तीन हजारांची. काटा त्याच्या आत राहिला तर पाणी पिण्याचं, बाहेर गेला तर विहिरीवर लाल फुली.

हे सगळं मला रंगनाथतात्यांनी शिकवलं. तात्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून निवृत्त झाले, शेवटपर्यंत परिचरच होते, आणि चार साहेबांना त्यांनी काम शिकवलं. मी सातवी नापास. तरी तात्यांनी मला पेटी उघडून दाखवली. रोज सकाळी पक्क्या मापाच्या मीठपाण्यात नळी बुडवायची. त्या बाटलीचा आकडा ठरलेला, चौदाशे तेरा. काटा तिथं आला तर यंत्र खरं बोलतंय. थोडा इकडंतिकडं झाला तर कडेचा स्क्रू फिरवून जागेवर आणायचा. काम झालं की नळी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेच्या, पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही.

"आन ह्या पट्ट्या काळ्या दिसत्यात ना," तात्या म्हणाले होते, "तो मळ न्हाई. प्लॅटिनमची पूड हाय, मुद्दाम बसवलेली. ह्याला फडकं लावलंस तर यंत्र मेलं समज."

मी ते मनाशी गाठ मारून ठेवलं. घरी मात्र बोललो नाही. बायकोला यंत्राचं काय सांगायचं, असं मला वाटायचं. माझी चूक तिथं सुरू झाली.

आम्ही नागापूरला राहायचो. कारखान्यांची वसाहत नुकती उभी राहत होती, तिच्या अलीकडच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. मनकर्णाला स्वच्छतेचं वेड. पाणी दिवसाला दोन घागरी, पण राखेला काही तोटा नव्हता. तिची भांडी अशी की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

खंडेनवमीच्या आदल्या दोन दिवसांत आम्ही फिरतीवर होतो. परत आलो तेव्हा ऑफिस बंद झालं होतं. साहेब म्हणाले, "पेटी घरी ने, सूर्यभान. सुट्टीत इथं काय राहील काय जाईल." मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी मी पेठेत झेंडूची फुलं आणायला गेलो. परत आलो तर मनकर्णानं पाट मांडला होता. पाटावर विळा, खुरपं, माझी सायकल दुरुस्तीची हत्यारं, तिची सुई-कात्री, आणि मधोमध पेटी. पेटीला हळदकुंकू. काचेची नळी परत तिच्या पाण्याच्या बाटलीत.

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. ऑफिसात त्या पेटीला कुणी फूल वाहिलं नसतं. मी नमस्कार केला. बाटलीत काय आहे ते वाकून बघितलं नाही.

दसरा झाल्यावर पहिल्या दिवशी मी मीठपाण्यात नळी सोडली. काटा बाराशेवर. दोनशेनं मागं. इतका तो कधी पडला नव्हता. साहेब जीपचा भोंगा वाजवत होते. मी स्क्रू फिरवला, काटा चौदाशे तेरावर आणला, पेटी बंद केली आणि पळालो.

त्या दिवशी पारनेरच्या पुढं पाझर तलावाच्या कामावर गेलो. माती खणायला पाचशे माणसं, त्यांना प्यायला दिवसाआड टँकर. कामाच्या खाली एक जुनी विहीर होती, तिला कमरेभर पाणी. मी नळी सोडली. काटा सव्वीसशे चाळीसवर थांबला.

"हद्दीत आहे," साहेब जीपमधून म्हणाले. "टँकर दुसरीकडं वळवू."

टँकर गेला. आठ दिवसांत आम्ही आणखी दहा विहिरी तपासल्या.

नवव्या दिवशी, शनिवारी, त्याच रस्त्यानं परत येत होतो. साहेब त्या दिवशी आले नव्हते, जीपमध्ये मी आणि बन्सीच. कामापाशी एक बाई रस्त्यात उभी राहिली. हात आडवा करून नव्हे, नुसतीच मधोमध. बन्सीला जीप थांबवावी लागली.

"तूच न्हवं का तो, हिरीत काच सोडनारा?" तिनं मला विचारलं.

"व्हय."

"मी कडूबाई. खाली उतर. काम हाय."

तिनं मला बाभळीपाशी नेलं. तीन दगडांवर मडकं रटरटत होतं. तिनं काटकीनं एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तुरीचा दाणा. मी दाबला, तो टणक होता.

"सकाळधरनं चुलीवर हाय," ती म्हणाली. "आठ दिस झालं, एकाबी बाईची डाळ शिजली न्हाई. तुजं मशीन म्हनतंय पानी ग्वाड हाय. मग आमची डाळ काय खोटं बोलती व्हय?"

बाभळीच्या फांदीला झोळी होती. झोळीत पोर होतं, वर्षाच्या आतलं. झोपलेलं नव्हतं, रडतही नव्हतं. नुसतं बघत होतं. ओठ सुकलेले.

"भीमा हाय माजा," कडूबाई म्हणाली. "चार दिस झालं ढाळ लागलीया. अशी धा-बारा लेकरं हायती. मोठी मानसं पोट धरून माती वाहत्यात. कामावरनं हाललं की मुकादम खाडा लावतो."

मी जीपकडं गेलो. पेटी काढली, नळी बाटलीतून वर काढली आणि उन्हात धरली. नळीच्या पोटात दोन्ही पट्ट्या चांदीसारख्या चमकत होत्या. काळेपणाचा कण नव्हता.

खंडेनवमीचा पाट डोळ्यांपुढं आला. त्याच्या मागोमाग बाराशेवर पडलेला काटा आला, आणि स्क्रूवरचं माझं बोट.

"ताई," मी कडूबाईला म्हणालो, "हे पाणी लेकरांना देऊ नका."

"मग काय देऊ? थुंकी?"

जीपमध्ये साहेबांचा कॅन होता, अर्धा भरलेला. तो मी उतरवून तिच्यापुढं ठेवला. पाचशे माणसांत अर्धा कॅन. तिनं तो पहिल्यांदा दुसऱ्या झोळ्यांकडं नेला.

परतताना बन्सी म्हणाला, "येडा हुऊ नको. हीर हाय, आठ दिसांत पानी बदलतं. तू गप ऱ्हायलास तर कुनाच्या बापाला कळायचं न्हाई."

"लेकरांचं काय?"

"लेकरांचं देव बघंल. तू तात्पुरता हायस, मास्तर. कायम मानसं चूक कबूल करत न्हाईत, आन तू करनार."

ऑफिसात कुणी नव्हतं. किल्ली माझ्याकडं असायची. मी विचार करत तराजूपुढं बसलो. तोंडी सांगून साहेब ऐकणार नव्हते. यंत्र किती खोटं बोलतंय ते आकड्यांत दाखवायला हवं होतं. चौदाशे तेराच्या बाटलीला ते खरं बोलत होतं, कारण मीच त्याला तसं बोलायला लावलं होतं. त्याहून जास्त मिठाच्या पाण्यात काय बोलतं ते बघायला पाहिजे. मी मीठ तोलून दोन पुड्या बांधल्या, एक दुप्पट मापाची, एक पाचपट. पण ते विरघळवायला ऊर्ध्वपातित पाणी लागतं, आणि आमचा पाण्याची वाफ गार करायचा संच महिनाभर बंद. त्याला गार करायला नळ वाहता लागतो. उरलेली शेवटची बाटली साहेबांच्या गाडीच्या बॅटरीत गेली होती.

पुड्या, मापाची बाटली आणि पेटी घेऊन मी घरी गेलो.

मनकर्णा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला बोलतं करायचं म्हणून नळी बाहेर काढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही तू धुतली होतीस का गं?"

तिचा चेहरा खुलला. "कळलं का? मला वाटलं, तुमी बघितलंच न्हाई. आवो, किती काजळी धरली हुती आतनं. कंदिलाच्या काचंला धरती तशी. फडकं आत जाईना, मग काडीला चिंधी गुंडाळली, चिंच-राख लावली आन घासली. अर्धा तास लागला. सरकारच्या वस्तूला कुनी हात लावत न्हाई व्हय?"

मी नळी परत बाटलीत सोडली. ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या हातातलं सूप हळूहळू खाली आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय न्हाई आसं तोंड नसतं तुमचं. काय केलं मी?"

मग मी सांगितलं. सगळं. पट्ट्या, काटा, विहीर, टँकर, डाळ. झोळीतलं पोर सांगायचं नव्हतं, पण तेही निघून गेलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. उठून आत गेली आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली.

मी तिच्याजवळ गेलो. "मने, ऐक. तू घासलंस, पण स्क्रू मी फिरवला. काटा दोनशेनं मागं पडला होता. का पडला, ते मी विचारलं नाही. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"मला का सांगितलं न्हाई, की त्या काळ्याला हात लावू नको?"

"तुला काय सांगायचं, असं वाटलं."

"आसं का वाटलं?"

ती जेवली नाही, मीही नाही.

सकाळी उठलो तर ती चूल पेटवून बसली होती. डोळे सुजलेले, पण पदर खोचलेला.

"ते कसलं पानी पायजे म्हनालात काल? वाफेचं?"

"वाफ धरून गार केलेलं."

"मग त्यात काय आवघड हाय. झाकनाला धरतं ना रोज."

तिच्याकडं आहेरातलं एक स्टीलचं पातेलं होतं, चाळीत तसं दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. ते तिनं तीनदा धुतलं आणि तिसऱ्यांदा मला विचारून धुतलं. "ह्याला काय काळं लावायचं न्हाई ना?" मी हसलो. तिला हसू आलं नाही, पण विचारलं मात्र होतं हसवायलाच.

पातेल्यात पाणी, मधोमध विटेच्या तुकड्यावर चिनी मातीचा वाडगा, वर झाकण उलटं, आणि झाकणात गार पाणी. वाफ वर जायची, गार झाकणाला चिकटायची, ओघळून वाडग्यात पडायची. झाकणातलं पाणी तापलं की मनकर्णा ते काढून बादलीत ओतायची, नवं घालायची. त्या पाण्यानं आम्ही नंतर आंघोळी केल्या. दिवसाचा दोन घागरींचा रतीब, त्यातला थेंब वाया गेला नाही.

दुपार झाली तेव्हा दोन वाडगे जमले होते. मी नळी त्यात बुडवली. काटा हललाच नाही म्हटलं तरी चालेल.

"बिघडलं का काय आता पुरतं?" ती घाबरली.

"नाही. हेच पाहिजे. ह्यात काहीच नाही, म्हणून काटा बसून आहे."

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. "ह्ये काय पानी म्हनायचं. सासरी आलेल्या पहिल्या दिवशीच्या पोरीसारखं, काय बोलतच न्हाई."

ऊन उतरायला लागेपर्यंत पाणी पुरेसं झालं. पुड्या विरघळवल्या. दोन नव्या बाटल्या आणि चौदाशे तेराची जुनी, ओळीनं मांडल्या. ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"काळं कशाला लागतं, ते सांगा."

आता मी सांगितलं. "गुळगुळीत पट्टीवर विजेला उतरायला जागा कमी. काळा थर खरखरीत, भुसभुशीत, त्याच्यावर जागा लई. पाण्यात मीठ कमी असलं तर गुळगुळीतवर भागतं. मीठ वाढलं की गर्दी होते आणि काटा मागं राहतो."

"मजी आमी नळावर भांडतो तसं. चार बाया आसल्या तर भागतंय. चाळीस आल्या की घागर भरत न्हाई."

"अगदी तसंच."

ती म्हणाली, "आवघड न्हवतं की सांगायला."

जुन्या बाटलीत काटा चौदाशे तेरावर आला. दुप्पट मापाच्या बाटलीचा खरा आकडा सत्तावीसशे सदुसष्ट. काटा थांबला एकवीसशे नव्वदवर. पाचपट मापाच्या बाटलीत तर खोटं विचारूच नका. मी कागदावर चौकोन आखले, टिंबं मांडली, टिंबांतून रेघ नेली. मनकर्णानं कागदाची टोकं धरून ठेवली. रेघेवर मी बोट सव्वीसशे चाळीसला ठेवलं आणि तिथून वर सरकवलं. सदतीसशे.

अकरा विहिरींपैकी दोन हद्दीबाहेर होत्या. एक ओसाड होती, तिचं पाणी कुणी पीत नव्हतं. दुसरी ती.

सोमवारी मी ऑफिसला निघालो तेव्हा ती भाकरी बांधून तयार होती. "मी येते."

"साहेबासमोर तुझं काय काम?"

"साहेबासमोर न्हाई. त्या बाईकडं."

तिला ऑफिसच्या फाटकाशी लिंबाखाली बसवून मी आत गेलो. साहेबांपुढं कागद ठेवला, रेघ दाखवली. साहेब हुशार माणूस, दोन मिनिटांत समजले. समजले म्हणूनच त्यांनी कागद बाजूला सारला.

"अहवाल वर गेलेत, सूर्यभान. अकरा विहिरींवर माझी सही आहे."

"दोनच चुकल्यात, साहेब. एक बंद करावी लागेल."

"पंधरा दिवसांनी पुढच्या फेरीत परत तपासू. तेव्हा पाणी खारं निघालं तर निघालं. विहिरी बदलतात."

"पंधरा दिवसांत पोरं मरतील."

"आवाज खाली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आत्ता बंद करायची तर कारण लागतं. कारण लेखी लागतं."

"देतो."

त्यांनी कोरा कागद पुढं केला. इतक्या झटकन केला की तो आधीपासून हाताखाली असावा. मी लिहिलं: यंत्राच्या पट्ट्या माझ्या हातून घासल्या गेल्या. काट्यात फरक दिसूनही मी साहेबांना कळवलं नाही.

साहेबांनी वाचलं. "आणि यंत्र घरी का नेलं, तेही लिही."

"तुम्ही सांगितलं होतं."

"तोंडी सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

मी लिहिलं: यंत्र परवानगीशिवाय घरी नेलं. अशी ती माणसं. पाणी तपासायचं खातं, आणि खोटं एवढं स्वच्छ अक्षरात मागतात. महिनाअखेर माझं नाव हजेरीपटावरून गेलं. तात्पुरता होतो, काढायला वेगळा कागदही लागला नाही.

पण विहिरीच्या कागदावर त्यांनी माझ्यासमोर सही केली. टँकर बुधवारी, म्हणाले. लवकर शक्य नाही.

बुधवारपर्यंत दोन दिवस.

बाहेर बन्सी जीपच्या बॉनेटला टेकून बिडी ओढत होता. मी काही मागितलं नाही, माझी हिंमत नव्हती. त्यानं लिंबाखाली मनकर्णाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बिडी विझवून कानावर ठेवली.

"ब्रेक नीट लागंनात," तो म्हणाला. "ट्रायल घ्यावी लागंल. पारनेरच्या आंगाला रस्ता बरा हाय ट्रायलला. वैनी, बसा मागं. मास्तर, तुझी ती पेटी बी घे, वजन लागतं."

वाटेत मी मनकर्णाला कागदावर काय लिहिलं ते सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत होती. दोन्ही बाजूला पेरलेलं रान उघडं पडलं होतं, बाजरी गुडघ्याच्या वर गेलीच नव्हती.

"साहेबाला काय लिवायचं ते लिवा," ती म्हणाली. "त्याला खरं कळून तरी काय करनार हाय. त्या बाईला मी सांगनार. मधी बोलू नका."

कडूबाई मातीची पाटी टाकून येत होती. मनकर्णा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. दोघी सारख्याच वयाच्या.

"मी ह्यांची मंडळी," मनकर्णा म्हणाली. "मशीनची काच मी घासली. काजळी वाटली मला. त्यानं मशीन खोटं बोलाय लागलं आन तुमचा टँकर गेला. ह्यांनी न्हाई, मी."

कडूबाईनं चुंबळ डोक्यावरून काढली. "काजळी?"

"व्हय."

"कंदिलाच्या काचंला आसती तशी?"

"व्हय."

भोवती बाया गोळा झाल्या. कडूबाई बघत राहिली. मला वाटलं, आता तोंडात मारते. मारलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो.

"मीबी घासली आसती," ती शेवटी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आन तू, भाऊ? तुला ठावं हुतं काळं कशाचं हाय ते?"

"ठावं हुतं."

"काटा म्हागं पडला ते बी दिसलं?"

"दिसलं."

"मग बायकूला कशाला फुडं केलं?"

"त्यांनी न्हाई, मीच..." मनकर्णा बोलायला गेली.

"तू गप गं," कडूबाई म्हणाली. आवाज कडक होता, पण हात मनकर्णाच्या दंडावर होता. "बोल की, भाऊ."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. पाचशे माणसांच्या कामावर, बायांच्या घोळक्यात, मोठ्यानं म्हणालो. साहेबापुढं लिहिताना जड गेलं नव्हतं तेवढं ते जड गेलं. "टँकर बुधवारी येतोय. तोपर्यंत हे पाणी पिऊ नका."

"बुधवारपत्तूर?"

"गोड पाणी कुठं आहे जवळ?"

"देवळामागं हाय हीर. दोन कोस. कामावरनं जायाला कोन सोडतंय."

मी बन्सीकडं बघितलं. बन्सीनं आभाळाकडं बघितलं. "सरकारी गाडी हाय ही," तो म्हणाला.

"मग आमी काय पाकिस्तानच्या हाय व्हय?" कडूबाई म्हणाली, आणि पहिली घागर जीपमध्ये चढली.

झोळीकडं जाऊन तिनं पोर उचललं आणि काही न विचारता मनकर्णाच्या हातात दिलं. "धर. मला हीर दाखवाय जायला लागंल. वल्या फडक्यानं वठ पुसत ऱ्हा. उलटलं तर घाबरू नको."

मनकर्णानं पोर असं घेतलं जसं ते फुटेल. कॅनमधलं थोडं पाणी कुणीतरी अजून राखून ठेवलं होतं. ते पोराला पाजायच्या बोंडल्यात घेऊन ती बाभळीखाली बसली.

देवळामागच्या विहिरीत मी नळी सोडली. काटा साडेआठशेवर. कागद काढून रेघेवरून बोट फिरवलं, आठशेच्या आसपास. मान वर केली तर कडूबाई पदरानं तोंड पुसत होती.

"झालं का तुजं? आता प्यायचं का?"

"प्या."

"आमी कवाच प्यालो," ती म्हणाली. "भर घागरी."

त्या दिवशी जीपनं सहा खेपा केल्या. मुकादम एकदा ओरडत आला. बायांनी त्याला खेपेचं गोड पाणी तांब्याभर प्यायला दिलं, तो गप्प बसला. पुरुष पहिल्या खेपेला मला हसले. घागरी वाहणारा गडी कुणी बघितला नव्हता. तिसऱ्या खेपेला दोघं खाली उतरून हात लावायला आले.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटची खेप घेऊन आलो. मनकर्णा तिथंच बसलेली, तशीच. पाठ ताठून गेली असणार. बाभळीची सावली केव्हाच सरकून गेली होती, म्हणून तिनं पदर पोरावर धरला होता आणि स्वतः उन्हात होती. बोंडलं रिकामं होतं. तिनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

कडूबाई तिच्याजवळ वाकली. पोराच्या पोटावर तळहात ठेवून बघितला. टाळूला हात लावला. मनकर्णानं पोर परत द्यायला हात उचलले.

"निजलंय तवर ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," कडूबाई म्हणाली. आणि दिवसभरात पहिल्यांदा खाली बसली, तिच्या शेजारी, मातीत, पाय लांब करून.

मी जीपकडं गेलो. घागरी उतरवायच्या होत्या, अजून अकरा.